हैबती गुरवाची न संपलेली चढाई

फार वर्षांपूर्वी, म्हणजे शिरखिंड गावात घड्याळ एकच होतं आणि तेही बंद होतं त्या काळी, गावात हैबती नावाचा एक गुरव राहत असे. हैबत म्हणजे दरारा. पण बारशाला नाव ठेवताना मूल पुढे कसं निघेल याची चौकशी कुणी करत नाही. हैबती निघाला काठीसारखा बारीक, खांद्यात पडलेला, नाकात बोलणारा, आणि चालताना डावी टाच जमिनीवरून ओढत नेणारा. त्याच्या वहाणेची डावी टाच झिजून पापुद्रा व्हायची तेव्हा उजवी अगदी नवी कोरी असायची. वहाणा शिवणारा केरू त्याला म्हणे, "गुरवा, पुढल्या खेपंला तुला दोन्ही डाव्याच करून देतो. आलटून पालटून घाल."

हैबतीचं घराणं भैरवनाथाच्या देवळातल्या सनई-चौघड्याचं. थोरला भाऊ गणोजी सनई वाजवायचा आणि हैबती त्याच्यामागे बसून सूर धरायचा. सूर धरणं म्हणजे दुसऱ्या एका सनईतून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच एक स्वर काढत राहणं. वर नाही, खाली नाही, आणि मध्ये तुटायचा तर मुळीच नाही. गालात वारा साठवायचा, नाकाने नवा घ्यायचा आणि तोंडाने जुना सोडत राहायचं. लग्नाची वरात निघाली की लोक गणोजीच्या सनईवर माना डोलवत, त्याला फेटा बांधत, आणि मग हैबतीकडे बघून विचारत, हा कोण? हैबतीकडे लोकांचं लक्ष जायला एकच वाट होती. त्याने थांबायचं. आणि तो थांबत नसे.

गावात त्याला माणूस म्हणून किंमत होती ती एकाच जागी, देवळापुढच्या मैदानात. तिथे अखंड हुतूतू मंडळ होतं. आबाजी नावाच्या एका पहिलवानाने ते काढलं, तेव्हा नावावरून फार वाद झाला. अर्ध्या गावाला वज्र मंडळ हवं होतं, अर्ध्याला शिवशक्ती. वाद एका जत्रेला सुरू झाला तो पुढच्या जत्रेपर्यंत मिटेना, म्हणून आबाजीने वैतागून अखंड हे नाव ठेवलं, असं म्हणतात.

मंडळाला आबाजीने नियम एकच घालून दिला होता. चढाई चालू असताना मैदानातून कुणी उठायचं नाही आणि मैदान मोडायचं नाही. गडी दम धरून, तोंडाने हुतूतू म्हणत, मधली रेघ ओलांडून समोरच्यांच्या अंगणात गेला की तो रेघ शिवून परत येईपर्यंत, नाहीतर त्याचा दम तुटेपर्यंत, सगळ्यांनी होतं तिथे बसायचं. एकदा चढाई चालू असताना खुद्द आबाजीचा गोठा पेटला. लोक ओरडले, आबा, गोठा. आबाजीने मान वळवून गोठ्याकडे पाहिलं, पुन्हा मैदानाकडे पाहिलं, आणि बसून राहिला. गुरं चरायला गेली होती म्हणून बरं. गोठा गेला, नियम राहिला. त्यानंतर आबाजीची बायको महिनाभर त्याच्याशी बोलली नाही, आणि आबाजीच्या मते नियमाचा हा दुसरा फायदा होता.

अशा मंडळात हैबतीचा दम म्हणजे काय चीज होती ते सांगायला नको; पण लोक सांगतातच. असं म्हणतात, की हैबती चढाईला निघाला की समोरच्या संघातले गडी आधी पाणी पिऊन घेत. एकदा त्याच्या चढाईत पाहुण्या संघातल्या एका गड्याला उभ्या उभ्या डुलकी लागली. हैबतीने त्याला शिवून बाद केलं ते बिचाऱ्याला घरी पोचल्यावर कळलं. शेजारच्या पिंपळोशी गावाने तर कायमची तक्रार लावली होती, की हा गुरव नाकाने चोरून श्वास घेतो. पंच होते इमामचाचा मुलाणी. आसपासच्या साऱ्या गावांत त्यांच्या कानाला मान होता, कारण पिंपातल्या पाण्यात मुंगी पडली तरी त्यांना ऐकू जाई, असं म्हणतात. चाचांनी कापसाचा पेळू मागवला आणि चढाईभर हैबतीच्या नाकाखाली धरला. कापूस हलला नाही. पिंपळोशीवाले म्हणाले, मग हा माणूसच नव्हे. चाचा म्हणाले, माणूसच पाहिजे असं नियमात कुठं हाय?

हैबती घरी आला की बायको तान्हाई विचारायची, जिंकलात का. तो हो म्हणायचा किंवा नाही म्हणायचा. पण त्याला आत जे वाटे ते वेगळंच होतं. देवळात तो जे करी तेच तो मैदानात करी. देवळात त्याला कुणी बघत नसे, आणि मैदानात रेघेच्या दोन्ही बाजूंना माणसं त्याच्या तोंडाकडे डोळे लावून बसत. न थांबण्याबद्दल माणसाचं नाव घेतलं जाईल अशी त्याला ठाऊक असलेली ही एवढीच जागा होती.

मग दिवस पालटले. घाटाखाली रेल्वे आली, शहरात गिरण्या निघाल्या, आणि शिरखिंडीतले तरणे गडी एकेक करून खिंडीतून उतरून गेले. गेलेला माणूस जत्रेला यायचा, पुढच्या खेपेला निरोप यायचा, आणि त्याच्या पुढच्या खेपेला तोही यायचा नाही. मंडळात सात गडी जमवायचे तर चारांच्या गुडघ्यांना तेल लावून आणावं लागे. समोरच्याला शिवायला गेलेला गडी वाटेत कंबर धरून उभा राही आणि समोरचे त्याला उचलून परत आणून सोडत. पिंपळोशीकडून हरायची सवय झाली होती. पुढे पुढे तर पिंपळोशीलाच जिंकायचा कंटाळा आला.

मंडळाचे अध्यक्ष होते आप्पासाहेब ढमढेरे. ते हुतूतू कधी खेळले नव्हते. पण गावात हाताची खुर्ची एकच होती आणि ती त्यांची होती, त्यामुळे अध्यक्ष दुसरा कुणी होणं अवघड होतं. आप्पासाहेबांनी एके दिवशी देवळात गाव बोलावलं आणि सांगितलं, की मंडळ आता बंद करू. बाजार ओढ्यात भरतो, बायका चिखलात बसून भाजी विकतात, पावसाळ्यात माल वाहून जातो. मैदान मोकळं पडलंय. तिथे दगडी ओटा बांधू, बाजार वर आणू. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अडचण होती ती तीच. चुकीचं असतं तर कुणीतरी भांडलं असतं.

मागून हैबतीचा नाकातला आवाज आला.

"मंडळ बंद करायचं म्हंजे नक्की काय करायचं?"

"म्हंजे आजवर हुतं, जत्रंनंतर न्हाई," आप्पासाहेब म्हणाले.

"आन् मग म्या काय करायचं?"

"का? तुझी सनई हाय की."

"सनई दादाची हाय. माझा नुसता सूर हाय."

"मग सूर धर," आप्पासाहेब म्हणाले, आणि सगळं देऊळ हसलं. हैबतीही थोडा हसला, कारण बाकीचे हसत असताना आपण न हसणं त्याला बरं वाटेना. पण घरी जाताना तो तान्हाईला म्हणाला, की अध्यक्षांनी सांगितलंय, सूर धर. तान्हाई म्हणाली, "त्यांनी हसण्यावारी न्हेलं." तो म्हणाला, "न्हेलं खरं. पर सांगितलं का न्हाई?"

मंडळ बंद करायचा समारंभ ठरला जत्रेच्या शेवटच्या दिवशी. मंडळाच्या आयुष्यात एवढा थाट कधीच झाला नव्हता. कमानी उभ्या राहिल्या, लापशीची कढई चढली, तालुक्याहून एक पाहुणे घोड्यावर बसून आले. गेल्या अनेक वर्षांत मंडळाला साधी दोरी द्यायची तर लोक घरात शिरून दार लावत. ते आता हारांसाठी फुलं घेऊन आले. पिंपळोशीशी शेवटचा डाव खेळायचा, शेवटची चढाई संपली की आप्पासाहेबांनी उठून नारळ फोडायचा, दोन शब्द बोलायचे, आणि मंडळ बंद. दोन शब्द त्यांनी आठवडाभर पाठ केले होते, त्यावरून ते किती असतील याची गावाला कल्पना होती.

आणि इथे आप्पासाहेबांच्या हातून एक चूक झाली. त्यांना घाई फार. ओट्याच्या पायाला दगड हवे होते, आणि मैदानाच्या चारी बाजूंना आबाजीने पुरलेले सीमेचे दगड आयते होते. डाव दुपारी व्हायचा होता, तरी आप्पासाहेबांनी ते सकाळीच उपटून काढले, एकावर एक रचून घेतले, आणि आपण सगळ्यांना दिसावं म्हणून त्या ढिगावरच आपली खुर्ची मांडली. मैदानात उरली फक्त मधली रेघ. ती फक्कीने आखलेली नव्हती. पिढ्यान् पिढ्यांच्या पायांनी घट्ट झालेला मातीचा उंचवटा होता तो, उपटणार कसा.

इमामचाचा आले, चारी बाजूंना फिरले, आणि खुर्चीपाशी येऊन उभे राहिले.

"आप्पासाहेब, सीमा कुठाय?"

"चाचा, आज शेवटचा डाव. सीमा कशाला लागतीय? मैदान कुठवर हाय त्ये समद्यांना ठावं हाय."

"मंग आज सीमा न्हाई असं धरू?"

"धरा."

"चारचौघांत म्हणताय न्हवं?"

"म्हणतोय की," आप्पासाहेब म्हणाले, आणि पाहुण्यांकडे वळून हसले.

डाव सुरू झाला आणि मंडळ नेहमीसारखं हरू लागलं. शिरखिंडीचा एकेक गडी बाद होऊन काठावर जाऊन बसला. शेवटी मैदानात हैबती एकटा उरला. चढाई त्याची होती. तो रेघेशी आला. वहाणा काढून त्याने रेघेला लावून ठेवल्या, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. मान वर केली तेव्हा त्याला आप्पासाहेबांच्या मांडीवरचा नारळ दिसला. शेंडी सोललेली, कुंकू लावलेलं. आप्पासाहेबांचे ओठ हलत होते. ते दोन शब्द घोकत होते. कढईपाशी लापशी वाढायला माणसं पळ्या घेऊन उभी होती. सगळा गाव आता झालंच म्हणून पंचे झटकत होता.

हैबतीला तेव्हा काही युक्ती सुचली असं कुणी म्हणत नाही. युक्ती सुचणाऱ्यांतला तो नव्हताच. त्याला एवढंच दिसलं, की आपण परत येऊन ही रेघ शिवली, की तो नारळ फुटणार. आणि आपला दम तुटला, तरी तो नारळ फुटणार. मग त्याने छाती भरून घेतली आणि रेघ ओलांडली.

हुतूतूतूतूतू.

तो कुणाला शिवला नाही. शिवायला गेलाही नाही. पिंपळोशीच्या सात जणांच्या मधोमध जाऊन तो उभा राहिला आणि हुतूतू म्हणत राहिला. ते थोडा वेळ थांबले, मग त्यांनी त्याला धरलं. एकाने पाय, एकाने कंबर, बाकीचे वरून पडले. हैबती दिसेनासा झाला. पण त्या माणसांच्या ढिगाखालून आवाज येतच होता, विहिरीच्या तळातून यावा तसा. इमामचाचा जमिनीला कान लावून आडवे झाले आणि म्हणाले, "चालू हाय."

धरणाऱ्यांचे हात भरून आले. पिंपळोशीचा म्होरक्या होता बाजी खराडे, माणूस दांडगा पण मनाने बरा. तो हैबतीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "गुरवा, दम सोड की. लापशी गार होतीय." खालून हुतूतू आलं. शेवटी एकाच्या पायात गोळा आला, एकाला शिंक आली, आणि पकड सुटली. हैबती उठला, धोतर झटकलं, आणि उभा राहिला. आवाजात कुठे गाठ नाही, कुठे चीर नाही. असं म्हणतात, की त्या वेळी देवळात गणोजीने भिंतीला टेकवून ठेवलेली सनई आपोआप त्याच सुरात गुणगुणू लागली.

आप्पासाहेब खुर्चीतून उठू लागले. चाचांनी नुसतं बघितलं. आणि मग सगळ्या मैदानातून, बायकांतून, म्हाताऱ्यांतून, लापशीवाल्यांतूनसुद्धा एकच शब्द आला, बसा. आप्पासाहेब बसले. तालुक्याच्या पाहुण्यांना नियम ठाऊक नव्हता. तेही उठू लागले, तेव्हा शेजारच्या म्हातारीने त्यांच्या कोटाचं टोक धरून त्यांना खाली ओढलं. त्या क्षणी गावाला एकदम आठवलं, की हा आपला नियम आहे. बरीच वर्षं कुणाला काही आठवलं नव्हतं.

सूर्य कलला. हैबती हलला. डावी टाच ओढत तो मैदानाच्या पार टोकाला गेला, जिथे सकाळपर्यंत सीमेचा दगड होता. त्याच्यापुढे रस्ता होता, रस्त्यापुढे शेतं, शेतांपुढे डोंगर आणि डोंगरात खिंड. हैबतीने उजवा पाय उचलला आणि पलीकडे टाकला.

"बाद," पिंपळोशीचे सातही जण ओरडले. "भाईर गेला."

चाचा सावकाश चालत तिथे आले. त्यांनी जमीन बघितली.

"सीमा कुठाय?"

"हितं हुती की."

"हुती. आता कुठाय?"

सगळ्यांनी आप्पासाहेबांकडे बघितलं. आप्पासाहेबांनी खाली बघितलं. सीमा त्यांच्या खुर्चीखाली होती.

"सीमा न्हाई म्हंजे भाईर न्हाई," इमामचाचा म्हणाले. "अध्यक्षांनी चारचौघांत सांगितलंय. चढाई चालू हाय."

हैबती रस्त्याला लागला. पिंपळोशीचे सात गडी हात पसरून त्याच्यामागे निघाले, कारण रेघेपलीकडचं सगळं आता त्यांचं अंगण होतं. रस्ताही, शेतंही, त्यांचं स्वतःचं गावही. आपल्या अंगणात शिरलेल्या गड्याला सोडून घरी जाणं कुठल्या संघाला शोभतं? बाकीच्या गावातून कुणी उठलं नाही. फक्त तान्हाई निघाली. ती पाण्याची कळशी घेऊन पहिल्यापासून उभीच होती, आणि जी उभी आहे तिला उठू नको असं कोण सांगणार. तिने रेघेवरच्या वहाणा उचलल्या आणि नवऱ्याला गाठलं.

"आवं, ह्या तरी घाला. म्होरं बाभळी हाईत."

हुतूतू. त्याने मान हलवली. चढाईत वहाणा घालत नाहीत.

मग ती त्याच्या बरोबरीने चालत राहिली आणि बोलत राहिली. शेळी व्यायला झाली आहे, धाकट्या जावेने जातं नेलं ते अजून आणून दिलं नाही, पडवीचं छप्पर पावसाआधी शाकारायला हवं. हैबती हुतूतू म्हणत ऐकत होता. ओढ्यापाशी ती हसली आणि म्हणाली, "इतकी वर्सं संसार केला, पर मी बोलतीय आन् तुम्ही मधीच न्हाई म्हणत न्हाई, आसं आजच झालं." मागून येणारे सात जण, तेही लग्नाचेच गडी, जरा अंतर ठेवून चालू लागले.

खिंडीची चढण लागली तशी ती थांबली.

"एक इचारते. दम तुटनार न्हाई, त्ये मला ठावं हाय. पर माघारी येनार न्हवं?"

हैबती थांबला. तोंड चालूच होतं. वळून त्याने पाय लांब केला, डावा पाय, अंगठा पुढे काढून, गावाच्या दिशेने. कोस कोस लांब राहिलेली रेघ शिवायला निघाल्यासारखा. चढाईतला गडी परतताना रेघेकडे पाय लांबवतो ना, अगदी तसा. तान्हाईने तो पाय पाहिला आणि मान हलवली.

"मंग वहाणा रेघंवर ठिवते," ती म्हणाली. "आलात की घाला."

हैबती खिंडीत शिरला. खिंडीच्या दोन्ही कड्यांमध्ये त्याचा आवाज भरला, मोठा होत होत इतका मोठा झाला की खाली मैदानात बसलेल्यांच्या छातीत तो वाजू लागला. मग तो लांब लांब गेला. बारीक झाला. पण तुटला असं कुणी ऐकलं नाही. इमामचाचा अंधार पडेपर्यंत कानामागे हात धरून उभे होते. लोक म्हणाले, चाचा, आता काय? चाचा म्हणाले, चालू हाय. लोक म्हणाले, मग आम्ही घरी कसं जायचं? चाचांनी विचार केला. "उठायचं न्हाई असा नियम हाय. जायचं न्हाई असा न्हाई. बसल्या बसल्या जा."

आणि सारी शिरखिंड त्या दिवशी बसल्या बसल्या सरकत घरी गेली, असं म्हणतात. आप्पासाहेबांना चौघांनी खुर्चीसकट उचलून नेलं. त्यानंतर ते गावापुढे कधी उभे राहून बोलले नाहीत, बसूनच बोलले. तसे ते आधीही बसूनच बोलत, पण पूर्वी त्याला रुबाब म्हणत. त्यांच्या मांडीवरचा नारळ मैदानातच घरंगळून राहिला. तो फोडायचा कुणाला अधिकार नव्हता, कारण चढाई संपली नव्हती. पावसाळ्यात त्याला कोंब आला. आज शिरखिंडीच्या मैदानात माड आहे. आसपास कुठेही माड होत नाही. हवा नाही, माती नाही. शेतकीचे जाणकार येऊन तसं सांगतात, माडाच्या सावलीत बसून.

पिंपळोशीचे सात गडी त्याच्यामागून खिंडीपार गेले, आणि हैबती दिसेनासा झाल्यावर तो परतेल म्हणून वाट बघत तिथेच थांबले. गेले तर पळाले म्हणतील, म्हणून थांबले. थांबले म्हणून झोपड्या घातल्या, मग बायका बोलावून घेतल्या. सातघर नावाची वाडी तिथे आहे, ती त्यांचीच, असं म्हणतात. त्या वाडीतले लोक अजूनही कुणी पाहुणा आला की दोन्ही हात पसरूनच सामोरे जातात. पाहुण्याला वाटतं, केवढा हा जिव्हाळा.

आता खरं तेही सांगायला हवं. त्या दिवसानंतर शिरखिंडीत सात गडी पुन्हा कधी जमले नाहीत. हुतूतूचा एकही डाव तिथे झाला नाही. आबाजी गेला होताच, पुढे चाचा गेले, गणोजी गेला. तालुक्याहून कागद घेऊन माहिती लिहून न्यायला येणारे साहेब विचारतात, गावात क्रीडा मंडळ आहे का? गावकरी म्हणतात, आहे. साहेब म्हणतात, मग खेळताना कुणी दिसत नाही. गावकरी म्हणतात, डाव चालू आहे. साहेब चहा पिऊन जातात.

बाजाराचं तान्हाईने मिटवलं. भाजीवाल्या बायका तिच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, की आमचं काय, आम्ही चिखलातच मरायचं का. तान्हाई म्हणाली, "बसा की मैदानात. बसायला कुठं बंदी हाय? रेघंवर तेवढं बसू नका." तेव्हापासून बाजार मैदानात भरतो. ओटा नाही, भिंत नाही, कारण मैदान मोडायचं नाही. बायका रेघेच्या दोन्ही बाजूंना बसून विकतात, आणि गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी त्याच्यासाठी कुणी उठत नाही. परगावचे लोक म्हणतात, शिरखिंडीच्या बायका गर्विष्ठ. शिरखिंडीच्या बायका म्हणतात, चढाई चालू आहे.

लग्नात तिथे सनई अजून वाजते, पण सूर धरणारा बसवत नाहीत. सनईवाला खिंडीकडे तोंड करून थांबतो. खिंडीतून वारा सुटला, की त्यात तो एक स्वर असतो, वर नाही, खाली नाही. तो मिळाला की सनई सुरू. कधी कधी वारा लवकर सुटत नाही आणि मुहूर्त टळायला येतो. वरपक्ष चिडतो. त्यांना लापशी वाढतात.

आणि एक गोष्ट शिरखिंड करते, जी दुसरं कुठलंही गाव करत नाही. कामाधंद्याला निघालेला पोरगा, सासरी निघालेली पोरगी, शिकायला निघालेलं कुणीही, एसटीत बसण्याआधी मैदानात येतं, अनवाणी रेघेवर उभं राहतं, छाती भरून श्वास घेतं आणि रेघ ओलांडतं. म्हातारी माणसं एवढंच सांगतात, "दम धर." त्या माणसाबद्दल मग गावात कुणी तो गेला असं म्हणत नाही. कुठे असतो हल्ली, असं विचारलं, तर म्हणतात, चढाईवर आहे. परत आला, की आईला भेटायच्या आधी डाव्या पायाचा अंगठा लांबवून तो रेघ शिवतो, आणि मग श्वास सोडतो. काही जण वर्षावर्षाने येतात. काहींनी सातासमुद्रापलीकडून येऊन रेघ शिवली आहे. सीमाच नाही म्हटल्यावर लांब कसं आणि बाहेर कसं.

तान्हाईने ठेवलेल्या वहाणा रेघेवर तशाच राहिल्या. उन्हापावसाने त्या गेल्यावर तिने नवा जोड करून घेतला. ती गेल्यावर गाव करून घेऊ लागलं. आजही दरवर्षी जत्रेच्या शेवटच्या संध्याकाळी केरूच्या घरातला माणूस नव्या कोऱ्या वहाणांचा जोड आणून रेघेवर ठेवतो, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे, टोकं गावाकडे. आणि पुढच्या जत्रेपर्यंत त्या वहाणा झिजतात, असं म्हणतात. गावातली शिकलेली मंडळी म्हणतात, कुत्री कुरतडतात. असेल. गावात कुत्री आहेत आणि त्यांना चामडं आवडतं, हे कुणी नाकारत नाही.

पण उजवी वहाण नवी कोरी ठेवून दरवर्षी फक्त डावीची टाच खाणारं कुत्रं शिरखिंडीत अजून कुणी पाहिलेलं नाही.